टाइप अप्रूव्हलचं आंतरराष्ट्रीय सामायिक भांडार (डीईटीए): दाखला, ई-मार्क आणि हातातली वस्तू यांचा मेळ कसा घालायचा?

चाकोरी (धागाकर्ता)

वाहनं आणि सुट्या भागांचे टाइप अप्रूव्हलचे (नमुना तपासून त्या प्रकारच्या सगळ्या मालाला दिलेल्या मान्यतेचे) दाखले एका देशाने दिले तर दुसरा देश ते तपासतो कसे, यावर मराठीत सलग माहिती कुठे दिसत नाही. भिवंडी-वसईतून दिवे, आरसे, हॉर्न बाहेर पाठवणारे, न्हावा-शेवाला माल सोडवणारे, परदेशी सुटे भाग विकणारे, सगळ्यांशी या विषयाचा संबंध येतो. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी पाया. २० मार्च १९५८ ला जिनिव्हात झालेल्या करारानुसार सदस्य देश एकमेकांची मान्यता स्वीकारतात. एका देशाच्या मान्यता प्राधिकरणाने संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या रेग्युलेशनखाली हेडलॅम्प पास केला, की ते रेग्युलेशन लागू करणाऱ्या इतर सदस्य देशांत त्याची पुन्हा चाचणी होत नाही. भागावर वर्तुळात मोठा ई आणि देशाचा क्रमांक येतो: जर्मनी १, फ्रान्स २, इटली ३, नेदरलँड्स ४, जपान ४३, मलेशिया ५२, थायलंड ५३.

अडचण माहितीच्या देवाणघेवाणीत होती. नाकारलेल्या आणि मागे घेतलेल्या मान्यतांची यादी प्राधिकरणांनी दर महिन्याला एकमेकांना पाठवायची आणि कुणी मागितली तर मूळ दाखल्याची प्रत द्यायची, अशी जुनी पद्धत. रेग्युलेशन्स शंभराच्या पुढे गेली, सदस्य वाढले, आणि कागदाच्या या रहाटगाडग्यात एखादी मान्यता आज जिवंत आहे की नाही हे वेळेवर कळेना. १४ सप्टेंबर २०१७ ला कराराची तिसरी सुधारित आवृत्ती लागू झाली. तिच्या पाचव्या परिशिष्टात सुरक्षित इंटरनेट भांडाराची तरतूद आहे, तेच डीईटीए. ते संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाने चालवावं अशी मूळ कल्पना होती, पण खर्चाचा प्रश्न सुटेना. जर्मनीने पुढाकार घेतला आणि आज ते फ्लेन्सबर्गच्या केबीए या जर्मन संघराज्याच्या वाहन प्राधिकरणाकडे आहे.

भारत १९५८ च्या करारात नाही. आपण १९९८ च्या करारात आहोत, २००६ पासून. त्या करारात तांत्रिक नियम एकत्र बसून ठरतात, पण एकमेकांचे दाखले मान्य करण्याचं बंधन नाही. म्हणून भारताच्या नावाचा ई-क्रमांक नाही आणि भारतातल्या कारखान्याची ई-मान्यता कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या क्रमांकाखाली असते. मुंबईच्या उद्योजकाचे बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात.

शीव_सर्कल

चांगला धागा. एक प्राथमिक शंका. आपल्याकडे नवीन गाडीचं मॉडेल 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत आधीच असतं, विक्रेता यादीतून निवडतो आणि ताडदेव असो की वडाळा, आरटीओला तेच दिसतं. मग डीईटीए म्हणजे त्याचीच जागतिक आवृत्ती का?

अर्चना_ठाणे

नाही, दोन्हींचा हेतू वेगळा आहे. वाहन प्रणालीत शेवटी एकेका गाडीची नोंद असते: चासी नंबर, इंजिन नंबर, मालक. मॉडेलची माहिती निर्माता भरतो, चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि मग फॉर्म २२ च्या आधारे प्रत्येक गाडी त्या मॉडेलला जोडली जाते. मोटार वाहन नियमावलीचा नियम १२६ नमुना गाडीच्या मान्यतेचा, तर १२६-अ नंतरच्या उत्पादनाच्या तपासणीचा, म्हणजे सीओपीचा.

डीईटीएत एकेक गाडी नसते, फक्त 'टाइप' असतो. अमुक निर्मात्याच्या अमुक प्रकारच्या ब्रेकला, काचेला, सीटबेल्टला कोणत्या रेग्युलेशनच्या कोणत्या सुधारणा-मालिकेखाली मान्यता मिळाली, इतकंच. रस्त्यावरची एखादी गाडी त्या टाइपची आहे हे सांगणारा कागद वेगळा. युरोपात त्याला सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी म्हणतात. ते तिथे ५ जुलै २०२६ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावं लागतं आणि त्याची देवाणघेवाण युकारिस या दुसऱ्याच जाळ्यातून होते. चासी नंबर देऊन डीईटीएत काही सापडेल ही अपेक्षा ठेवू नका.

मोल्डमास्तर

क्रमांक कसा वाचायचा ते आधी लिहितो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

दाखल्यावरचा क्रमांक साधारण असा असतो: ई४*५८आर०३/०१*२४३९*०४. ताऱ्यांनी चार भाग सुटे केलेले.

ई४ म्हणजे मान्यता देणारा देश, इथे नेदरलँड्स. ५८आर हे रेग्युलेशन, ट्रकच्या मागच्या अंडररन गार्डचं. ०३/०१ म्हणजे सुधारणांची तिसरी मालिका आणि तिची पहिली पुरवणी. २४३९ हा मूळ मान्यतेचा अनुक्रमांक. शेवटचे ०४ म्हणजे चौथं एक्स्टेन्शन, मूळ मान्यतेत नंतर केलेली वाढ.

आता भागावर बघा. तिथे वर्तुळातला ई४, रेग्युलेशनचा क्रमांक आणि मालिकेचे दोन अंक जोडलेला अनुक्रमांक असतो. एक्स्टेन्शनचा आकडा भागावर नसतोच. म्हणजे दाखल्यावरचा आणि वस्तूवरचा क्रमांक हुबेहूब सारखा दिसत नाही आणि दिसायलाही नको. 'नंबर जुळत नाही' म्हणून योग्य माल अडकतो तो यामुळे. उलट बाजूही आहे. वस्तूवरचा क्रमांक बरोबर असला तरी ती वस्तू पहिल्या दाखल्यातली की चौथ्या एक्स्टेन्शनमध्ये आलेली, हे नुसत्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी दाखला आणि त्याच्या जोडपत्रातलं ड्रॉइंग हवंच.

डीईटीएचा कारखान्यातला खरा फायदा म्हणजे यूआय, युनिक आयडेंटिफायर. मान्यतेचे कागद भांडारात असतील तर भागावर नेहमीच्या शिक्क्याऐवजी हा एकच क्रमांक टाकता येतो. तो भांडार स्वतःच तयार करतं. दिव्यांसाठी १४८, १४९ आणि १५० ही नवी रेग्युलेशन्स आली तेव्हा ही सोय त्यांत घेतली गेली. आजच्या टेललॅम्पमध्ये पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, फॉग, रिफ्लेक्टर एकाच घरात असतात. प्रत्येकाची वेगळी खूण आणि वेगळा क्रमांक, सगळं लेन्सवर कोरायचं. रेग्युलेशनची मालिका बदलून नवी मान्यता घेतली की मोल्डमधला इन्सर्ट (खूण कोरलेला बदलता तुकडा) बदला. डावा-उजवा मिळून दोन इन्सर्ट, शिवाय मशीन थांबवण्याचा वेळ. यूआय असेल तर लेन्सवर एकच खूण आणि बाकीचा तपशील भांडारात.

अट मात्र कडक आहे. यूआय वापरायचा तर कागद भांडारात असलेच पाहिजेत, तिथे पर्याय नाही.

उरणकर

मोल्डमास्तर, नेमकं लिहिलंत. आयातीच्या बाजूने भर घालतो.

'डीईटीएत सापडलं नाही म्हणजे दाखला खोटा' हा निष्कर्ष चुकीचा आहे. पाचव्या परिशिष्टात दाखल्याची प्रत देण्याचे तीन मार्ग आहेत: कागद, ईमेल किंवा हे भांडार. यूआय वापरला नसेल तर भांडारात टाकण्याची सक्ती नाही. जुन्या मान्यता तर मोठ्या संख्येने बाहेरच असणार. उलट, सापडलं म्हणजे माल अस्सल असंही नाही. खऱ्या दाखल्याचा क्रमांक दुसऱ्याच वस्तूवर कोरणं अवघड नसतं.

म्हणून माल निघण्याआधी पुरवठादाराकडून हे मागवा:

१. मान्यतेचं कम्युनिकेशन, म्हणजे प्राधिकरणाचा मूळ फॉर्म. फक्त शेवटचं एक्स्टेन्शन नको, पहिल्यापासून सगळी.
२. त्यातलं मान्यताधारकाचं नाव आणि मालावरचं ट्रेड नाव यांचा मेळ. फॉर्मवर व्यापारी नावांचा रकाना असतो. तुमच्या खोक्यावरचा ब्रँड तिथे नसेल तर आत्ताच विचारा, बंदरावर नको.
३. शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो, प्रत्यक्ष पाठवणार त्या लॉटचा.
४. फॉर्मवर काय नोंदलंय ते: मान्यता दिली, वाढवली, नाकारली, मागे घेतली की उत्पादन कायमचं थांबलं. हे पाचही प्रकार एकाच छापील फॉर्मवर असतात आणि लागू नसलेले खोडलेले असतात. घाईत वाचणारा वरचं शीर्षक बघतो आणि 'विड्रॉन' असलेला फॉर्म मान्यता म्हणून फाइलला लावतो.

शंका राहिलीच तर ज्या देशाचा ई-क्रमांक आहे तिथल्या प्राधिकरणाला लिहा. सोबत क्रमांक, फोटो आणि फॉर्मची प्रत जोडा, नुसता क्रमांक पाठवला की उत्तर गोलमोल येतं.

शीव_सर्कल

म्हणजे सामान्य आयातदाराला डीईटीए उघडून बघता येत नाही?

चाकोरी

संपूर्ण कागद नाही. करारात हक्क सदस्य देशांना आहे, तोही ते जे रेग्युलेशन लागू करतात त्याच्यापुरता. टेक्निकल सर्व्हिस (प्राधिकरणाने नेमलेली चाचणी संस्था) आणि निर्माते यांना मर्यादित प्रवेश, निर्मात्याला स्वतःच्या मान्यतांपुरता. कारण योग्यच आहे, जोडपत्रांत ड्रॉइंग, साहित्य, चाचणीचे आकडे असतात.

पण माझं ठाम मत असं की 'ही मान्यता जिवंत आहे की नाही' एवढं एक उत्तर कुणालाही मिळायला हवं. त्यात कुणाचं गुपित फुटत नाही. क्रमांक, रेग्युलेशन, मान्यताधारक आणि सद्यस्थिती, चार रकाने पुरेत.

अर्चना_ठाणे

चाकोरी, चार रकान्यांशी मी सहमत नाही. मान्यताधारक आणि क्रमांक उघडे ठेवले की नकली शिक्का मारणाऱ्याला तयार यादीच मिळते. यूआय टाकल्यावर वस्तूचं चित्र आणि प्रकार दिसला तर ते उपयोगाचं, कारण मग हातातल्या वस्तूशी ताडता येतं. फक्त 'जिवंत' असं उत्तर आलं तर चोरलेल्या क्रमांकालाही तेच उत्तर येईल.

उरणकर

ताईंचा मुद्दा बरोबर. क्रमांक चोरीचे असतात ते बहुधा जिवंत मान्यतांचेच.

भिंगवाली

दिव्यांबद्दल एक गोष्ट मुंबईसाठी फार महत्त्वाची आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑनलाइन जे परदेशी हेडलॅम्प मिळतात त्यांवर ई-मार्क बघून लोक निश्चिंत होतात. ई-मार्क खरा असूनही दिवा आपल्याकडे चुकीचा असू शकतो.

लो बीमच्या उजेडाची वरची कड एका बाजूला वर चढते, रस्त्याच्या कडेला उजेड पडावा म्हणून. डावीकडून चालणाऱ्या देशात ती डावीकडे चढायला हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठीचा दिवा इथे लावला तर ती चढती बाजू थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाते. शिक्क्याजवळ बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण आपल्या उजवीकडे वळलेला असेल तर दिवा डाव्या वाहतुकीचा, म्हणजे आपल्यासाठी ठीक. दोन्हीकडे टोकं असलेला बाण म्हणजे दोन्हींसाठी, पण मग आत बदलाचा खटका किंवा तरफ कुठल्या बाजूला आहे ते तपासा. लो बीमच्या दिव्यावर बाणच नसेल तर तो उजव्या वाहतुकीचा, घेऊ नका.

नव्या गाड्यांच्या आयात धोरणातही ही अट स्पष्ट आहे: स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि हेडलॅम्पचा प्रकाश डाव्या वाहतुकीला साजेसा. सुट्या दिव्यांच्या बाबतीत ग्राहकाने स्वतः बघावं लागतं.

आणखी एक. चौकोनातला छोटा ई हा युरोपियन युनियनच्या नियमांचा शिक्का, वर्तुळातला मोठा ई संयुक्त राष्ट्रांचा. डीईटीए दुसऱ्याशी संबंधित आहे. आणि सीई या खुणेचा दिव्याच्या टाइप अप्रूव्हलशी संबंध नाही. फक्त सीई असलेला एलईडी बल्ब 'युरोपियन अप्रूव्ह्ड' म्हणून विकला जातो, ते खोटं आहे.

मोल्डमास्तर

भिंगवाली ताई, बाणाचा मुद्दा भांडारालाही लागू आहे. एकाच मान्यतेत डाव्या आणि उजव्या वाहतुकीची दोन रूपं असू शकतात. क्रमांक तोच. भांडारात मान्यता बरोबर दिसेल, माल चुकीच्या रूपाचा असेल.

अर्चना_ठाणे

निर्यातदारांच्या फायलींबद्दल लिहिते, कारण बाहेरच्या प्राधिकरणाकडून फाइल परत येते ती बहुतेक वेळा चाचणीमुळे नाही, कागदांमुळे.

क्रमांकात तारा आणि तिरकी रेघ असते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात ही दोन्ही चिन्हं चालत नाहीत. मग एक जण अंडरस्कोर टाकतो, दुसरा डॅश, तिसरा गाळूनच टाकतो. सहा महिन्यांनी तीच फाइल शोधताना तीन वेगळ्या मान्यता वाटतात. कंपनीत एकच नियम ठरवा (ताऱ्याला अंडरस्कोर, तिरक्या रेघेला डॅश) आणि मूळ क्रमांक पीडीएफच्या आत शोधता येईल अशा मजकुरात ठेवा. स्कॅन केलेलं चित्र नको.

एक्सेलचा त्रास त्याहून मोठा. ०३/०१ टाकलं की त्याची तारीख होते. ०१२३ चे १२३ होतात. मान्यतेचे रकाने माहिती भरण्याच्या आधी 'टेक्स्ट' करून ठेवा, नंतर केलं तर गेलेला शून्य परत येत नाही.

एक्स्टेन्शन आणि रिव्हिजन यांत गल्लत करू नका. नवीन चाचणी लागली, किंवा कम्युनिकेशन फॉर्मवरची माहिती बदलली, किंवा नंतरच्या सुधारणा-मालिकेखाली मान्यता हवी असली, तर एक्स्टेन्शन. क्रमांकाचा शेवटचा भाग वाढतो. जोडपत्रातला एखादा कागद बदलला पण वरीलपैकी काही नाही, तर रिव्हिजन. क्रमांक तोच, बदललेल्या पानांवर तारीख आणि बदलाचा खुलासा. रिव्हिजन झालं आणि तुमच्याकडे जुनंच फोल्डर राहिलं तर क्रमांक जुळूनही ड्रॉइंग जुळणार नाही. सीओपी तपासणीत हेच पकडलं जातं.

शीव_सर्कल

भारतीय कारखान्याच्या बाबतीत हे कागद नेमके कुणाच्या नावावर असतात?

चाकोरी

हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मान्यताधारक भारतातली कंपनी स्वतः असू शकते. प्राधिकरण परदेशी, चाचणी टेक्निकल सर्व्हिसच्या प्रयोगशाळेत किंवा तिच्या प्रतिनिधीसमोर इथल्या प्रयोगशाळेत, आणि मान्यतेआधी कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेची पाहणी. पण लहान कारखाने खर्च वाचवायला परदेशी खरेदीदाराच्या नावावर मान्यता होऊ देतात. तसं केलं की खरेदीदाराने संबंध तोडले तर मान्यता त्याच्याकडे राहते, तुमच्याकडे फक्त मोल्ड. भांडारातही तुमचा कारखाना फार तर जोडणी-स्थळ म्हणून दिसेल आणि निर्मात्याचा प्रवेश त्याचा असेल.

नाव तुमचंच ठेवा. ते शक्य नसेल तर करारात लिहून घ्या: प्रत्येक एक्स्टेन्शन आणि रिव्हिजनची पूर्ण प्रत ठराविक दिवसांत मिळेल, आणि मान्यता मागे घेण्याची किंवा उत्पादन थांबल्याची सूचना प्राधिकरणाला देण्याआधी कारखान्याला कळवलं जाईल.

उरणकर

देशपातळीवरचा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१८ पासून एका कंपनीला वर्षाला २५०० पर्यंत गाड्या इथल्या होमोलोगेशनशिवाय (मॉडेलच्या मान्यता-चाचणीशिवाय), परदेशी मानकांच्या आधारावर आणता येतात. म्हणजे परदेशी दाखल्यावर आपण विश्वास ठेवतोच. मग तो दाखला तपासायला सरकारी यंत्रणेला भांडारात शिरता आलं पाहिजे. १९५८ च्या करारात सामील व्हावं असं मला वाटतं. थायलंड-मलेशिया होऊ शकतात तर आपण का नाही?

अर्चना_ठाणे

घाई नको. सामील झालो तरी प्रत्येक रेग्युलेशन लागू करायचं की नाही हे देश निवडू शकतो, हे खरं. पण जे लागू करू त्याखालचे परदेशी दाखले मान्य करावेच लागतील. आपल्या लहान पुरवठादारांना आधी चाचणीची सोय हवी. एआयएस ही आपली वाहनांची तांत्रिक मानकं अनेक ठिकाणी संयुक्त राष्ट्रांच्या रेग्युलेशनला जुळवलेली आहेतच, उदाहरणार्थ सायबर सुरक्षेचं एआयएस-१८९ हे रेग्युलेशन १५५ च्या धर्तीवर आहे. पूर्ण जुळलेल्या विषयांपासून सुरुवात करावी.

चाकोरी

रेग्युलेशन १५५ चं उदाहरण इथे उपयोगी आहे. ब्रेकचं अंतर मीटरमध्ये मोजता येतं, सायबर सुरक्षेचं तसं नाही. एका देशाचा परीक्षक सैल आणि दुसऱ्याचा कडक असेल तर निर्माते सैल देशात जातील. म्हणून त्या रेग्युलेशनमध्ये प्राधिकरणांनी मूल्यमापनाची पद्धत आणि निकष एकमेकांना कळवायचे आहेत, आणि त्यासाठी डीईटीएच वापरतात. इथे भांडार दाखल्यांच्या कपाटापुरतं राहत नाही. निवाडा कसा केला तेही इतरांना दिसतं. भारत जिनिव्हाच्या बैठकांना असतोच. सामील होण्याआधी निदान वाचण्यापुरता प्रवेश मागावा, यात अर्चनाताईंचाही विरोध नसावा.

अर्चना_ठाणे

वाचण्याच्या प्रवेशाला पूर्ण पाठिंबा. पण करारात तो हक्क सदस्यांचा आहे, त्यामुळे नियमात बदल किंवा वेगळी व्यवस्था लागेल. सुधारित करारात रेग्युलेशन मंजूर व्हायला चार-पंचमांश मतं लागतात, पूर्वी दोन-तृतीयांश पुरत. करारातलंच कलम बदलणं त्याहून अवघड.

भिंगवाली

टायरबद्दल कुणी विचारण्याआधी लिहून ठेवते. ई-मार्क असलेला कारचा टायर इथे तेवढ्यावर विकता येत नाही, बीआयएसचा आयएसआय मार्क लागतो, मानक आयएस १५६३३. हेल्मेटचंही तसंच, रेग्युलेशन २२ चा शिक्का असला तरी आयएस ४१५१ चा मार्क लागतोच. हेल्मेटच्या पट्ट्यावरच्या लेबलात ०५ आणि ०६ या दोन मालिका दिसतील. ०६ नवी.

शीव_सर्कल

विंडस्क्रीनच्या कोपऱ्यात ४३आर आणि शेजारी रोमन आकडा असतो. तो मान्यतेचाच भाग का?

भिंगवाली

४३आर म्हणजे काचांचं रेग्युलेशन. रोमन आकडा काचेचा प्रकार सांगतो, दोन म्हणजे साधी लॅमिनेटेड. हल्ली बहुतेक विंडस्क्रीनवर तोच दिसतो. बदली काच घेताना मूळ काचेचा रोमन आकडा आणि नव्या काचेचा सारखा आहे का बघा. बाजूच्या काचा बहुधा टफन्ड असतात, साध्या टफन्ड काचेवर रोमन आकडा नसतो. विंडस्क्रीनच्या जागी रोमन आकड्याशिवायची काच कुणी देत असेल तर परत करा.

मोल्डमास्तर

आणि फोटो काढून ठेवा, बसवण्याआधी. गोंद आणि काळी पट्टी लागली की कोपरा अर्धा झाकला जातो.